देशांतर आणि सात्म्य : परदेशस्थ नायजेरियन समाजाच्या आहार-आरोग्याचा आयुर्वेदीय विचार

आहाराचा विचार करताना केवळ द्रव्याचे गुण पाहून थांबू नये, अशी आपल्या शास्त्राची शिकवण आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशी आठ आहारविधिविशेषायतने सांगितली. विद्यार्थीदशेत ही आठ नावे आपणा सर्वांस मुखोद्गत असतात. परंतु चिकित्सालयात आपण पथ्यापथ्याचा जो छापील कागद रुग्णाच्या हाती देतो, त्यावर यांपैकी दोन-तीनच उतरतात. रुग्ण आपल्याच गावचा, आपल्यासारखेच जेवणारा असेल तोवर हे निभावून जाते. रुग्ण परदेशीय असला, आणि त्यातही स्वदेश सोडून तिसऱ्याच देशी वास्तव्य करणारा असला, म्हणजे त्या कागदाचे अपुरेपण उघड होते. भाकरी, मुगाचे वरण, दुधी भोपळा ही नावेच ज्याच्या स्वयंपाकघरात नाहीत, त्याने पथ्य पाळावे तरी कसे?

प्रस्तुत लेखात आम्ही परदेशस्थ नायजेरियन समाजाचे उदाहरण घेतले आहे. शिक्षण, व्यापार आणि शस्त्रक्रिया या निमित्तांनी नायजेरियन नागरिक मुंबई, पुणे, गोवा येथे येतात व क्वचित आपल्या दारीही येतात. त्याहून महत्त्वाचे असे की, देशांतर झाल्यावर सात्म्याचे काय होते, या प्रश्नाचा या समाजाइतका अभ्यास फार थोड्या समाजांविषयी झालेला आहे.

मूळ देश आणि देशसात्म्य

नायजेरियाची लोकसंख्या आज २० कोटींहून अधिक आहे. दक्षिणेकडील लागोस व नायजर नदीचा त्रिभुज प्रदेश अतिवृष्टीचा, दाट झाडीचा, आपल्या परिभाषेत आनूप देश होय. उत्तरेकडील कानो, मैदुगुरी हा सहारा वाळवंटाकडे झुकणारा भाग स्पष्टपणे जांगल आहे. आहारही त्याप्रमाणेच भिन्न. दक्षिणेतील योरुबा आणि इग्बो लोकांचे मुख्य अन्न कंद : याम, म्हणजे आपल्या कोनफळ व करांदा यांच्याच प्रजातीतील मोठा पांढरा कंद, आणि कसावा. जगातील यामच्या एकूण उत्पादनाचा निम्म्याहून बराच अधिक वाटा एकट्या नायजेरियाचा असून कसाव्याच्या उत्पादनातही हा देश अग्रेसर आहे. उत्तरेतील हौसा लोक बाजरी व ज्वारीवर जगतात. त्यांचे 'फुरा दा नोनो' म्हणजे शिजविलेल्या बाजरीचे गोळे आंबविलेल्या दुधात कालवून केलेले पेय. आपल्या ताक-बाजरीच्या जेवणाची आठवण व्हावी असेच ते आहे.

यात नवल नाही. बाजरी, ज्वारी, चवळी आणि चिंच ही सर्व द्रव्ये मूळची आफ्रिका खंडातील असून फार प्राचीन काळी ती भारतात आली. चवळी भिजवून, साले काढून, वाटून ते लोक तेलात तळून 'अकारा' करतात आणि वाफवून 'मोई मोई' करतात. पहिल्यास वडा आणि दुसऱ्यास ढोकळ्याचा भाऊ म्हणण्यास हरकत नाही. चिकित्सास्थानाच्या अखेरच्या अध्यायात निरनिराळ्या देशांची सात्म्ये सांगताना मलयवासीयांस कंदमुळे व फळे सात्म्य असल्याचा उल्लेख आहे. कंदाहार हा हीन आहार नव्हे, तर एका देशाचे सात्म्य होय, ही दृष्टी आपल्या ग्रंथांतच आहे.

दक्षिण नायजेरियातील जेवणाचे रूप असे : याम कुटून अथवा कसाव्याचे पीठ उकळत्या पाण्यात घोटून मऊ गोळा करावयाचा, उजव्या हाताने लहान घास तोडून रश्शात बुडवावयाचा आणि न चावता गिळावयाचा. म्हणूनच अशा सर्व गोळ्यांना तेथील इंग्रजीत 'स्वॅलो' हे नाव पडले. कर्नाटकातील रागी मुद्देचा प्रकार असाच. रस्सा भेंडीचा, टरबुजवर्गीय 'एगुसी' बियांच्या मगजाचा, किंवा 'ओग्बोनो' या बियांच्या पिच्छिल चूर्णाचा असतो. त्यात लाल पामतेल, पालेभाजी, मिरची, सुकी मासळी अथवा मांस पडते.

करण : संस्काराने विष अन्न होते

कसाव्याच्या कंदात, विशेषतः त्याच्या कडू जातीत, सायनाइड मुक्त करणारे घटक असतात. कंद किसून, काही दिवस आंबवून, दाबून पाणी काढून व शेवटी कढईत भाजून जो रवा होतो तो 'गारी'. या क्रमाने विषारी अंश फार मोठ्या प्रमाणात निघून जातो. संस्कार अपुरा राहिला तर काय होते, हेही नायजेरियातच दिसून आले. तेथील मज्जाविकारतज्ज्ञ ओसुंतोकुन यांनी १९६०च्या दशकात इजेबू भागातील कसावाभोजी लोकांमध्ये पाय लटपटणे, दृष्टी व श्रवण मंद होणे अशा लक्षणांच्या विकाराचे सविस्तर वर्णन केले आणि त्याचा संबंध या आहाराशी जोडला. भल्लातक व वत्सनाभ यांचे शोधन आपण ज्या कारणास्तव करतो, त्याच कारणास्तव इग्बो गृहिणी कसावा आंबविते. आपला उपवासाचा साबुदाणाही याच कंदाच्या पिठीपासून तयार होतो, हे येथे स्मरावे.

दुसरे उदाहरण 'बिटर लीफ' या अतिकडू पानांचे. इग्बो लोक त्यास 'ओनुग्बू' व योरुबा 'एवुरो' म्हणतात. ही पाने चोळून अनेक पाण्यांनी धुतात आणि थोडा तिक्त रस शिल्लक ठेवून रश्शात घालतात. स्निग्ध, गुरु आणि पिच्छिल आहारास तिक्त रसाची जोड देणारा हा संयोग कोणाही वैद्यास मान्य व्हावा.

लाल पामतेलाविषयी दोन्ही बाजू सांगणे योग्य. त्याचा लाल रंग कॅरोटीनमुळे असून जीवनसत्त्व 'अ' चा तो उत्तम स्रोत आहे. मात्र त्यातील सुमारे निम्मी स्निग्धाम्ले संपृक्त असतात. काही पाककृतींत हे तेल धूर येईपर्यंत तापवून त्याचा रंग घालवितात. तसे केल्यास गुण जातो व दोष तेवढा उरतो.

देश बदलला म्हणजे काय बदलते?

इंग्लंड व वेल्स येथील २०२१च्या जनगणनेत नायजेरियात जन्मलेल्या रहिवाशांची संख्या सुमारे २ लाख ७० हजार होती. लंडनमधील पेकहॅम भागास तर 'छोटे लागोस' असेच म्हणतात. अमेरिकेत ह्यूस्टन हे त्यांचे मोठे केंद्र. मायदेश सोडून जाण्यास योरुबा भाषेत 'जापा' असा शब्द असून तो आज त्या देशात सर्वतोमुखी झाला आहे.

देशांतराच्या दूरगामी परिणामाविषयी दोन अभ्यास प्रत्येक चिकित्सकाने जाणून घ्यावेत. पहिला १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम आफ्रिका, कॅरिबियन बेटे आणि अमेरिका येथील समान पूर्वज असलेल्या लोकांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण एकाच पद्धतीने मोजले गेले. ते नायजेरिया व कॅमेरूनमध्ये सुमारे १६ टक्के, कॅरिबियनमध्ये २६ टक्के आणि अमेरिकेत ३३ टक्के आढळले. वजन आणि मिठाचे सेवन हेही त्याच क्रमाने वाढत गेलेले होते. दुसरा अभ्यास २००१ मधील. नायजेरियातील इबादान येथील वृद्ध योरुबा आणि अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील आफ्रिकन वंशाचे वृद्ध यांची वर्षानुवर्षे तुलना केली असता स्मृतिभ्रंशाचे नवे रुग्ण पहिल्या गटात दरवर्षी १.३५ टक्के, तर दुसऱ्यात ३.२४ टक्के निघाले. हे अमेरिकन गट अलीकडे स्थलांतरित झालेले नसून अनेक पिढ्यांपूर्वी गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज आहेत, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. तथापि बीज बहुतांशी समान असता देश व आहार बदलल्याने व्याधी किती बदलतो, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

येथे एक गैरसमज टाळावा. परदेशात गेलेला नायजेरियन आपले अन्न सोडतो म्हणून आजारी पडतो, असे सरळ विधान करता येत नाही. बहुधा तो अन्न सोडत नाही. त्याची राशि, करण आणि संयोग बदलतात. कुटलेल्या यामऐवजी बटाट्याचे वा रव्याचे तयार पीठ येते. यामसाठी मुसळ घेऊन होणारा व्यायाम संपतो. पानांचे प्रमाण घटते, कारण ती महाग मिळतात, आणि मांसाचे वाढते, कारण ते स्वस्त मिळते. आंबविलेल्या 'इरू' या बियांची जागा रश्शाच्या तयार मसाला-घनाने घेतली आहे. हा बदल तर नायजेरियातील शहरांतही झालेला आहे. 'इरू' आपल्याकडे शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या चेंडूफळाच्या प्रजातीतील वृक्षापासून मिळते. मसाला-घनात मात्र सुमारे निम्मे वजन मिठाचे असते. ४ ग्रॅमच्या घनात साधारण २ ग्रॅम मीठ धरावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी असताना, एका पातेल्यात चार घन पडत असतील तर हिशेब वाचकांनीच करावा.

लवणाचा अतियोग चरकांनी पिप्पली व क्षार यांच्यासह वेगळा काढून सांगितला आहे, आणि तोही बाह्लिक, सौराष्ट्रिक, सैंधव व सौवीरक या देशवासीयांच्या सवयीचे उदाहरण देऊन. अहितकर वस्तू सात्म्य झाली असली तरी ती क्रमाक्रमाने सोडावी, हाही उपदेश तेथेच आहे. म्हणून अशा रुग्णास 'तुमचे जेवण बंद करा' असे सांगण्याऐवजी पादांशिक क्रमाने मसाला-घन कमी करण्यास सांगावे : प्रथम चारांतील एक वगळावा, काही दिवसांनी दुसरा, आणि त्या जागी इरू, आले, मिरीच्या प्रजातीतील 'उझिझा' अशी त्यांचीच द्रव्ये वाढवावीत.

काल : शीत आणि अंधार

लागोस विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेसहा अंशांवर, तर लंडन साडेएक्कावन अंशांवर आहे. ऑक्टोबरपासून मार्चच्या आरंभापर्यंत ब्रिटनमधील सूर्यप्रकाश त्वचेत जीवनसत्त्व 'ड' निर्माण करण्यास पुरेसा नसतो, आणि श्याम त्वचेस तर उन्हाळ्यातही अधिक काळ ऊन लागते. तेथील आरोग्य विभाग आफ्रिकन तसेच दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व 'ड' घेण्याचा विचार करण्यास सांगतो. हा सल्ला लंडनमधील आपल्या मराठी रुग्णांनाही तितकाच लागू आहे. त्यांच्या अस्थिशूलास केवळ वातप्रकोप मानून तैलाभ्यंगावर सोडून देऊ नये.

हेमंतात अग्नी प्रबल असतो म्हणून गुरु, स्निग्ध आहार चालतो, हे खरे. परंतु तो नियम थंडीत वावरणाऱ्या व श्रम करणाऱ्या देहासाठी आहे. तापविलेल्या खोलीत दिवसभर बसणाऱ्याने हेमंतचर्येतील केवळ आहार उचलला, तर मेदोवृद्धी अटळ आहे.

सूतिका-परिचर्या : आजीचा प्रवास

इग्बो समाजात मुलगी बाळंत झाली की तिची आई तिच्याकडे जाऊन राहते. या प्रथेस 'ओमुग्वो' म्हणतात. गरम पाण्याने पोट शेकणे, मर्दन, बाळाचे न्हाणे, आणि उझिझा, उदा, उताझी ही कटु-तिक्त द्रव्ये घातलेले यामचे व मासळीचे तिखट, पातळ सार ही तिची मुख्य अंगे. पिंपळमूळ, सुंठ, अळीव, डिंक, शेक-शेगडी यांच्याशी याचे साम्य वेगळे सांगावयास नको. आज या आज्या वाळविलेल्या मसाल्यांच्या पुरचुंड्या घेऊन लंडनला आणि ह्यूस्टनला विमानाने जातात.

ही प्रथा जपण्याजोगी आहे. एकटी पडलेली प्रसूता आणि मानसिक आधार यांचा संबंध सांगावयास नकोच. परंतु तीन ठिकाणी सावधानता हवी. पहिली, शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास जखम भरेपर्यंत पोटावर कढत शेक व मर्दन वर्ज्य. दुसरी, उत्तरेकडील हौसा प्रथेतील 'कन्वा' या खनिज क्षाराची पेज. १९७०च्या दशकात झारिया येथील डॉक्टरांनी प्रसूतीनंतरच्या हृदयदौर्बल्याचा संबंध ही पेज व अतिस्वेदन यांच्याशी जोडला होता. पुढील संशोधनात इतर कारणेही, विशेषतः सेलेनियमची कमतरता, पुढे आली. तरीही सूज व श्वास असलेल्या सूतिकेस क्षार-लवण देऊ नये, याविषयी दुमत नसावे. तिसरी, आजीची स्वतःची प्रकृती. रक्तदाबाच्या गोळ्या पुरेशा बरोबर आहेत काय, लांबच्या विमानप्रवासात ती पाय हालविते काय, हे कोणी विचारीत नाही.

गर्भिणीच्या मृद्भक्षणाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. 'न्झू' नावाची पांढरी माती मळमळीवर उपाय म्हणून खाल्ली जाते व परदेशातील आफ्रिकन दुकानांतही विकली जाते. तीत शिसे व आर्सेनिक आढळल्यावरून २००९ मध्ये अमेरिकेत शासकीय इशारे देण्यात आले. मृद्भक्षणजन्य पांडू आपण स्वतंत्र भेद म्हणून शिकतो. येथे पांडूसोबत गर्भस्थ बालकाच्या मेंदूचीही हानी संभवते. तसेच 'तिरो' हे डोळ्यांत घालण्याचे अंजन. बोस्टन येथील एका नायजेरियन वंशाच्या अर्भकाच्या रक्तातील शिशाचे मूळ या अंजनात असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडील बाजारी सुरम्यासही हाच नियम लावावा.

मायदेशाची वारी आणि ज्वर

डिसेंबरमध्ये परदेशस्थ नायजेरियन मोठ्या संख्येने घरी जातात. जगातील हिवतापाच्या रुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश रुग्ण नायजेरियात असतात, आणि तेथील हिवताप मुख्यतः फॅल्सिपेरम या घातक जातीचा. लहानपणापासून वारंवार दंश झाल्याने मोठ्या माणसांत जी अंशतः प्रतिकारक्षमता असते, ती देश सोडल्यावर ओसरते. परदेशात जन्मलेल्या मुलांत ती नसतेच. 'आपल्याच घरी जातो आहोत, गोळ्या कशाला?' या समजुतीमुळे ब्रिटनमध्ये आयात हिवतापाचे बहुसंख्य रुग्ण पर्यटक नसून आप्तांस भेटून आलेले लोकच असतात, आणि त्यांपैकी बहुतेकांनी प्रतिबंधक औषध घेतलेले नसते.

चिकित्सक म्हणून आपला प्रसंग येथेच आहे. आफ्रिकेतून आलेला रुग्ण ज्वर घेऊन आला, तर आमज्वरात लंघन व पाचन हे तत्त्व अबाधित असले तरी रक्ततपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे. फॅल्सिपेरम हिवताप एक-दोन दिवसांत मेंदू व वृक्क यांस ग्रासू शकतो. गुडूची वा सप्तपर्ण देऊन तीन दिवस वाट पाहणे हा धोका रुग्णाच्या जिवाचा आहे. योरुबा लोकांचा ज्वरावरील काढा 'अग्बो-इबा' हाही कडू सालींचा असतो. सप्तपर्णाची आफ्रिकन भगिनी आणि भारतातून तेथे गेलेला निंब, ज्यास ते 'डोंगोयारो' म्हणतात, त्यात वापरतात. असा काढा आधीच घेतला आहे काय, हे न रागावता विचारावे. चिनी परंपरेतील एका ज्वरघ्न वनस्पतीतून आर्टेमिसिनिन मिळाले व त्याबद्दल तू यूयू यांस २०१५चे नोबेल पारितोषिक लाभले. परंपरेचा सन्मान झाला तो शुद्ध घटक, निश्चित मात्रा आणि रुग्णांवरील कसोटी यांच्या मार्गाने.

दुसरा विषय सिकलसेलचा. नायजेरियात साधारण दर चौघांत एक जण वाहक आहे. विवाहापूर्वी 'जीनोटाइप' विचारण्याची रीत तेथे रूढ झाली आहे. विदर्भ, नंदुरबार व गडचिरोली येथील वैद्यांना हा व्याधी परिचित असून १ जुलै २०२३ रोजी भारतात त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. थंडी, जलन्यूनता, अतिश्रम, ज्वर आणि प्राणवायूची उणीव यांमुळे शूलाचा वेग येतो. शीत देशातील वास्तव्य आणि विमानप्रवास यांत ही बहुतेक सर्व कारणे एकत्र येतात. वाहकास हिवतापापासून काही संरक्षण असते. प्रत्यक्ष रुग्णास मात्र हिवताप प्राणघातक ठरू शकतो, हा भेद रुग्णास समजावून द्यावा. अशा रुग्णास लंघन, उपवास, तीव्र विरेचन अथवा दीर्घ स्वेदन देऊ नये आणि चालू असलेले हायड्रॉक्सियुरिया बंद करू नये.

याच व्याधीवर एका योरुबा परंपरागत वैद्याच्या पाठावरून अबुजा येथील राष्ट्रीय औषधसंशोधन संस्थेने 'निप्रिसान' विकसित केले. त्यात लवंग, ज्वारीची पाने, आफ्रिकन मिरी आणि रक्तचंदनाच्या प्रजातीतील एका वृक्षाचे काष्ठ ही चार द्रव्ये होती. २००६ मध्ये ते 'निकोसान' नावाने बाजारात आले. परंतु उत्पादक कंपनी दोनच वर्षांत दिवाळखोरीत गेली आणि रुग्णांचा पुरवठा तुटला. पाठ उत्तम असून भागत नाही. उत्पादनाचे सातत्य हाही चिकित्सेचा चतुर्थांश होय, हे औषधनिर्मात्यांनी यातून घ्यावे.

व्यवहारातील सूचना

चिकित्सकांसाठी :
१. जन्मस्थान, सध्याचे वास्तव्य व गेल्या वर्षभरातील प्रवास हे तिन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत.
२. कालच्या दिवसाचा आहार रुग्णाच्याच शब्दांत लिहून घ्यावा. मसाला-घनांची संख्या व गोळ्याचा आकार अवश्य नोंदवावा.
३. प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजावा. चालू औषधे थांबवू नयेत.
४. पथ्य त्यांच्याच द्रव्यांतून द्यावे : मोई मोई, बाजरीची पेज, ओनुग्बू, भेंडी, चवळी, साखरेविना 'झोबो'. झोबो हे लाल अंबाडीच्या फुलांच्या बाह्यदलांचे पेय असून ते रक्तदाब काहीसा उतरविते. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत ते घेणाऱ्यावर लक्ष ठेवावे.

औषधविक्रेत्यांसाठी :
१. रक्तदाबाच्या रुग्णास ज्येष्ठमधयुक्त कल्प दीर्घकाळ अथवा लवणभास्करासारखी चूर्णे वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नयेत.
२. परदेशी नेण्यासाठी रसौषधी मागणाऱ्यास घटकद्रव्यांची छापील यादी व देयक द्यावे. निर्यातीच्या वनस्पतिज औषधांस जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून बंधनकारक झाली, हे ध्यानी असावे.
३. नायजेरियन ग्राहक वेष्टनावरील नोंदणी क्रमांक बारकाईने पाहतो. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या तेथील औषध नियंत्रण संस्थेने, विशेषतः २००१ पासून डोरा अकुन्यिली यांच्या कारकीर्दीत, बनावट औषधांविरुद्ध मोठी मोहीम चालविली. तरीही २००८-०९ मध्ये दात येणाऱ्या बालकांच्या एका दूषित सिरपने ८४ बालके दगावली. त्या ग्राहकाच्या शंकेमागे हा इतिहास आहे. तिचे उत्तर तपासणी-प्रमाणपत्राने द्यावे.

मराठी माणूसही आज लंडन, ह्यूस्टन, दुबई येथे आहे. त्याचीही ज्वारीची भाकरी मैद्याच्या पोळीत बदलली आहे, आणि त्याचीही आई बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू घेऊन विमानात बसते. नायजेरियन रुग्णासाठी अष्टविध आयतनांचा जो विचार आपण करू, तो या आपल्या माणसांच्या टिपणातही जसाच्या तसा उपयोगी पडेल. आमच्या वाचक वैद्यांनी परदेशस्थ रुग्णांच्या आहाराची अशी टिपणे ठेवण्यास आरंभ करावा, एवढीच विनंती. इत्यलम्।